डाव्या बाजूचं वऱ्हाड

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — वाण्याच्या घरात जन्मून बसस्टँडमागं चोरून खाल्लेली ऑम्लेटंसुद्धा. पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखत असतात तर पहिल्यांदा मला कॅमेऱ्याचंच काहीतरी विचारलं असतं.

मला सगळे तेच विचारतात. माझा केजला फोटो स्टुडिओ आहे आणि आसपासच्या गावांत कुणाचा डीएसएलआर म्हातारा झाला, की तो आधी माझ्याकडं येतो. अप्पा, आता काय घेऊ? बॉडी बदलू का लेन्स? मिररलेसवर जाऊ का याच्यावरच दोन लग्नसराया काढू? मी चहा मागवतो, त्याचे जुने फोटो मोठे करून बघतो आणि सांगतो. एकदा सांगितलं की सांगितलं. माझा सल्ला चुकत नाही — फुशारकी वाटेल, पण खरंय, आणि खोटी नम्रता मला जमत नाही. माझा नियमही सगळ्यांना पाठ आहे : आधी काच, मग डबा — आधी लेन्स, मग बॉडी. बॉडी चार वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स माणसाला पुरून उरते. नवं मॉडेल दिसलं की लोक बॉडीच्या मागं धावतात आणि तिच्या तोंडावर तिच्यासोबत खोक्यात आलेली, किटमधली भिकार लेन्स लावतात. असल्या गिऱ्हाइकाला मी दुकानात बसवून चांगला झापतो.

हा नियम मी आयुष्यात एकदाच उलटा सांगितला. बंकटला.

बंकट नांदूरघाटचा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, पण आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करतो. रिळाच्या जमान्यापासूनचा फोटोवाला. तांत्रिक भाषा त्याला येत नव्हती आणि तिची त्याला गरजही नव्हती. नवरी कधी रडणार हे तिच्या आईच्या आधी त्याला कळायचं आणि त्या क्षणी त्याचं बोट बटणावर असायचं. मला हे सांगताना आजही जरा असूया वाटते. माझे फोटो नीट असतात, त्याचे जिवंत असायचे. त्याच्याकडं एक जुना डीएसएलआर होता आणि एकच लेन्स — रुंद, पूर्ण मांडव पकडणारी, भारी काचेची. ती तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. मला द्यायचा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मोठ्या तिथीला एका दिवसात इतकी लग्नं निघतात की लेन्स, फ्लॅश, स्टँड सगळं या गावाहून त्या गावाला फिरत असतं. कुणी कुणाला नाही म्हणत नाही. सराई संपता संपता अशाच एका दिवशी माझी रुंद लेन्स दुसऱ्या लग्नात अडकलेली आणि मला आली ग्रामपंचायतीच्या विजयाची मिरवणूक. बंकटनं त्याची लेन्स दिली.

आता ऐका. गुलालात लेन्स बदलायची नाही, हे मी या भागातल्या झाडून सगळ्या फोटोवाल्यांना शिकवलेलं आहे. आमच्याकडं निवडणुकीचा गुलाल म्हणजे कपाळाला टिळा नव्हे — पोतीच्या पोती उधळतात, माणूस आतून बाहेरून गुलाबी होतो. कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळायचं, लेन्स आधीच लावायची आणि मिरवणूक संपेपर्यंत हात लावायचा नाही. आणि मी काय केलं? नवा सरपंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खांद्यांवर उचलला गेला, मला तेवढ्यात जवळचा फोटो हवासा वाटला, आणि ट्रॉलीतच उभं राहून मी लेन्स बदलायला गेलो. बोटं गुलालानं भरलेली. बंकटची लेन्स सटकली आणि ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आपटून खाली पडली.

उचलून बघितली. काच शाबूत, कडेला ओरखडा नाही. देव पावला म्हणालो. घरी आणून फुंकणीनं, ब्रशनं इतकी स्वच्छ केली की परत देताना बंकट हसला. ‘‘दिलती त्याच्यापरीस चकाचक आणलीस की बे!’’

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार — पडली, पण काही झालं नाही? हे न सांगणं मी अजूनही फार मोठं पाप धरत नाही. खरं पुढं आहे.

पुढच्या लग्नसराईत बंकटनं पहिलंच लग्न टिपलं ते चकलांब्याच्या वऱ्हाडाचं. मुलगी नांदूरघाटची, मुलगा तिकडचा. स्टेजवर समोरून बघितलं की नवरदेव डाव्या हाताला, नवरी उजव्या हाताला, आणि आपापली माणसं आपापल्या बाजूला. अल्बम आला. मधोमध जोडपं स्वच्छ. उजवीकडं नवरीचे काका, मामा, अगदी शर्टाच्या गुंड्यांसकट. आणि डावीकडं नवरदेवाचे चुलते, आजोबा, मेहुणे — सगळे धुक्यात उभे असल्यासारखे. एका नाही, प्रत्येक मोठ्या फोटोत.

तुम्ही-आम्ही म्हणू, लेन्स बिघडली. वरपक्ष काय म्हणाला? ‘‘फोटोवाला पोरीच्या गावचा. आमचीच मान्सं कावून पुसली?’’ पंगतीतला मानपान निघाला, जेवणातलं मीठ निघालं. नवरीला माहेरी आणायला गेलेला भाऊ रिकाम्या हातानं परत आला. बंकट स्वतः चकलांब्याला गेला, त्या चुलत्यांच्या पाया पडला आणि अल्बम परत घेऊन आला. असला अपमान त्यानं कधी सोसला नव्हता.

मग तो माझ्याकडं आला. जुना कॅमेरा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘‘अप्पा, ह्यो थकला का मी थकलो, सांग.’’

कॅमेरा ठेवून घेतला. आमचं किराणा दुकान शेजारीच आहे, भाऊ बघतो. बंकट गेल्यावर मी दुकानातल्या फळीचा फोटो काढला — साबण, चहाचे पुडे, बिस्किटं, ओळीनं लावलेली. उजवीकडच्या बिस्किटांवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. डावीकडचा साबण कोणता तेही कळेना. मग कॅमेरा उलटा धरून काढला. आता दुसऱ्या टोकाची बिस्किटं गेली. मग माझ्या बॉडीवर तीच लेन्स लावली. तेच. आतली एखादी काच धक्क्यानं तिरकी झाली होती. मांडवातल्या कमी उजेडात लेन्स पूर्ण उघडली की हा दोष बोंब मारत बाहेर यायचा.

म्हणजे मला कळलं होतं. अर्ध्या तासात, शंभर टक्के. मी काही अडाणी नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला ठणठणीत आवाजात सांगितलं — बॉडी बदल. मिररलेस घे, ॲडॉप्टर लावून हीच लेन्स वापर.

तो चमकला. ‘‘तू तर समद्यांना म्हंतोस, आदी काच.’’

‘‘तुझी काच सोनं आहे,’’ मी म्हणालो.

का? तुम्ही विचाराल, नवी लेन्स घे म्हणाला असतास तर गोष्टच मिटली नसती का? मिटली असती. पण बंकट नवी लेन्स घेताना जुनी बदल्यात देणार. शहरातला दुकानदार सगळ्यात आधी विटांच्या भिंतीचा फोटो काढून ती तपासणार आणि म्हणणार, काका, ही पडलेली आहे. आणि बंकटला ठाऊक होतं, ती त्याच्या हातून पडली नव्हती आणि त्याच्याखेरीज फक्त माझ्याच हातात गेली होती. मिरवणूक संपेपर्यंत हात लावायचा नाही म्हणणाऱ्या माझ्या. चकलांब्यापर्यंत गेलेला तो सगळा अपमान माझ्या नावावर आला असता. मी भ्यालो. एवढंच आहे ते.

नवी बॉडी आली. ती तपासायला मीच त्याला कपिलधारला घेऊन गेलो. दर्शन घेऊ आणि धबधब्याचे फोटो काढू म्हणालो. धबधबा का? पडतं पाणी फोटोत तसंही विरघळतं. तुषार, शेवाळ, ओले खडक — डावीकडं काय हललं आणि काय बिघडलं, कोण सांगणार? हे मी ठरवून केलं. घाबरलेल्या माणसाला सुचत नाही म्हणतात. मला फार छान सुचलं. बंकट पडद्यावर फोटो बघून पोरासारखा खूश झाला. माझं पाळण्यातलं नाव ज्यांच्यावरून ठेवलं, त्या तिथल्या स्वामींच्या समाधीपुढं माझ्याचसाठी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. मी खाल्ला.

त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात परत तेच झालं. या वेळी भांडण झालं नाही. लोक समजूतदार निघाले, म्हणाले, वय झालं बंकटभाऊचं. ते त्याला जास्त लागलं. तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेला. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, जवळचं वाचायला चष्मा लागेल, बास. चष्मा लावून तो माझ्याकडं आला. ‘‘डॉक्टर म्हंतो ठीक हाय. पन त्याला फोटोतलं काय कळतंय? जोडप्याचा नीट येतो बग. गर्दी आली की माजी नजर पुरत न्हाई. कॅमेरा नवाकोरा — म्हंजी मीच जुना.’’

त्या वेळी तो माझ्या तोंडाकडं बघत होता. जगात एकच माणूस त्याला खोटं पाडू शकत होता, आणि त्याला ते हवं होतं. डॉक्टरवर त्याचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. मी म्हणालो, होतं असं वयानं.

होतं असं वयानं! एवढं बोलून मी चहा मागवला.

त्यानं धंदा सोडला. नवी बॉडी विकली, हातात घेतलेली लग्नं माझ्याकडं वळवली. मी गिऱ्हाइकासाठी खोटं बोललो नव्हतो, पण गिऱ्हाईक आलं तेव्हा नकोही म्हणालो नाही. लेन्स त्यानं मलाच दिली — ‘‘सोनं हाय म्हनलास ना, मग ठिव तुज्याकडं.’’ ती माझ्या कपाटात आहे. सध्या मी माझा स्वतःचा जुना डीएसएलआर आणि लेन्सा काढून नवा संच घेतोय. विकायच्या सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या, ती मांडली नाही. बंकट आता मांडव घालतो. मांडव सुरेख घालतो, तेही सांगतो.

गेल्या महिन्यात त्याच्या लेकीचं, शीतलचं लग्न झालं. या भागातल्या शेकडो लेकी ज्यानं पाठवणीच्या वेळी टिपल्या, त्याच्या लेकीचे फोटो मी काढत होतो. माझ्या गळ्यात दुकानातून आणलेला, तपासायला घेतलेला नवा कॅमेरा, त्याच्यावर नवी लेन्स — या कडेपासून त्या कडेपर्यंत धारदार, मी आदल्याच दिवशी किराणा दुकानाच्या फळीवर बघितली होती. पाठवणीआधी शीतल म्हणाली, ‘‘काका, थांबा जरा. बाबा, एक तरी फोटो तुमी काडा ना माजा. समद्यांसंगट.’’

बंकटची बायको, कौसावहिनी, पदर तोंडाला लावून त्याच्याकडं बघत होती. बंकटचा हात माझ्या कॅमेऱ्याकडं थोडासा उचलला गेला. मी तो हात बघितला. गळ्यातला पट्टा काढून त्याच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं. तो फोटो उत्तम येणार होता, डावीकडच्या शेवटच्या माणसापर्यंत. आणि मग बंकटनं विचारलं असतं — आज कसा आला?

‘‘नगं गं पोरी,’’ तो म्हणाला. ‘‘माज्या हातनं तुजाच फोटो बिगडायचा. अप्पाला काडू दे.’’ पण हात त्यानं अजून खाली घेतला नव्हता.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणालो, ‘‘बंकट, तू पण उभा राहा की तिकडं. जरा सरक.’’

तो जाऊन लेकीशेजारी उभा राहिला. मी बटण दाबलं.