कडक उपास

पुण्याहून मला बघायला आलेल्या बाई जाता जाता दारात म्हणाल्या, "मुलगी खात्यापित्या घरची दिसते हं!" आणि हसल्या. आमची आई नांदेडकडची, शेतकऱ्याची लेक. तिला ते कौतुकच वाटलं. मुलगा सॉफ्टवेअरमधला, अमेरिकेला निघालेला. नकार आला तरी आईचा जीव त्या वाक्यावरच! गौलीगुड्यातल्या अख्ख्या गल्लीत सांगून आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात नुकतंच केबल आलं होतं. लावावं त्या चॅनलवर काटकुळ्या पोरी, आणि आरशात मी. वीस वर्षांची होते आणि मला माझ्या दंडांची किळस यायची.

आमच्याकडे "मला जेवायचं नाही" म्हटलं की सगळे घर डोक्यावर घेतात. "माझा उपास आहे" म्हटलं की कुणी हूं की चूं करत नाही. मग काय! सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. तेही कडक, साबुदाणा नक्को, भगर नक्को, नुसता कोरा चहा. शेजारच्या तेलुगू काकू गालाला बोट लावून म्हणायच्या, "एंत भक्ती!" आईचा ऊर भरून यायचा. कसली भक्ती नि कसलं काय! पाच देवांना मी कामाला लावलं होतं.

आईला शुगर होती. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, तीही माझ्याबरोबर उपास धरतेय. विचारलं तर म्हणाली, "लेक उपाशी आणि मी ताट वाढून घेऊ? घास उतरतो का गं?" गोळी मात्र न चुकता घ्यायची, रिकाम्या पोटी. मला ते दिसत होतं. मी बोलले नाही. बोलले असते तर मला जेवावं लागलं असतं. मैत्रिणी म्हणतात, आता तरी स्वतःला माफ कर. कुणाला, त्या पोरीला? ती मेली अजून माझ्या ताटापाशी येऊन बसते.

एका शनिवारी सकाळी आई ओट्यापाशी कोसळली. नामपल्लीजवळच्या दवाखान्यात सलाईन लावल्यावर शुद्धीवर आली. डॉक्टर माझ्यावर खेकसले, "अम्मा कू भूका रखे क्या तुम लोगां?" आईच मधे पडली, "उसकू कुछ नक्को बोलो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू आधी खा. तू जेवलीस की मी जेवते."

वडिलांनी इडली आणली. मी घास तोंडात घातला. आणि देवाशपथ सांगते, आई समोर तशी पडलेली असताना माझ्या डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले. एक घास बत्तीस वेळा चावायचा, म्हणजे दोन घासांत पोट भरतं. एक, दोन, तीन. माझे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतेस गं?" आईने विचारलं.

"देवाचं नाव," मी म्हणाले.

तिने सलाईन लावलेला हात तसाच उचलला, दुसऱ्या हाताला जोडला आणि डोळे मिटले.