लोखंडी मग, नग तीन

कतारच्या उत्तरेकडच्या एका पडक्या किल्ल्यात सापडलेल्या तीन वस्तू मी रजिस्टरात ‘लोखंडी मग, नग तीन’ अशा लिहिल्या. ती माझी लहान चूक, अज्ञानातून झालेली. मोठी चूक मी त्यानंतर काही दिवसांनी केली, सगळं नीट कळत असताना. ती ज्या माणसाच्या बाबतीत केली, त्याच्याबद्दल लिहायला मला फार वर्षं लागली.

आम्ही त्यांना मेस्त्री म्हणत असू. देवगडकडचे फिटर, पन्नाशी उलटलेले, बुटके, हाताची बोटं जाड आणि आश्चर्य वाटावं इतकी हलकी. मेस्त्री कशावरही लगेच मत देत नसत. पंपाचा नट असो की खाटेचा मोडका पाय, डोळे बारीक करून ते एकच वाक्य म्हणत, “आदी बसवन बघूया.” एकदा आमच्यातल्या एकाला गावाहून स्थळाचं पत्र आलं, तो सल्ला विचारायला आला, तेव्हाही मेस्त्रींच्या तोंडून सवयीनं तेच निघालं. कॅम्पमध्ये जो हशा पिकला, त्यात सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. किल्ल्याच्या डागडुजीचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि मी तिथला स्टोअरकीपर. सिमेंटच्या पोत्यांबरोबर ढिगाऱ्यात सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंदही माझ्याकडेच. दर मंगळवारी दोह्याहून एक इंग्रज साहेब येत आणि त्यांतल्या वस्तू म्युझियमसाठी निवडून नेत. दोह्यात दुरुस्तीच्या टेबलावर बसवायला त्यांना एक माणूस हवा होता. तसं त्यांनी माझ्याकडे बोलून ठेवलं होतं.

मेस्त्रींचे डोळे अधू होत चालले होते. तीस वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्या आणि वर इथलं ऊन. डॉक्टरांनी उन्हातलं काम बंद करायला सांगितलं होतं, आणि किल्ल्याबरोबर त्यांचं कॉन्ट्रॅक्टही संपणार होतं. एका शुक्रवारी पिकअपमधून दोह्यातल्या मुशैरिबच्या बाजारात जाताना मी त्यांना त्या टेबलाबद्दल सांगितलं.

“सावलीतला काम?” त्यांनी इतक्या हळू विचारलं, जणू मोठ्यानं बोललं तर ते उडून जाईल. मग म्हणाले, “साहेबाक माझा नाव सांगशीत?”

“सांगतो की, मेस्त्री. त्यात काय!”

दुसऱ्याच दिवशी ते वॉशर मागायला स्टोअरमध्ये आले. त्या तीन मगांपैकी एकात मी माझ्या पेन्सिली ठेवल्या होत्या. मेस्त्रींनी पेन्सिली टेबलावर ओतल्या आणि मग हातात तोलला.

“मेल्या, ह्या मगातना पाणी कोण पितलो? हात मोडात त्येचो.” त्यांनी बुडाजवळ तारेनं खरवडलं. गंज पडला आणि बारीक भोक दिसलं. “आणि बुडाक भोक! तुमच्या घाटावर अशेच मग असतत?”

स्टोअरमध्ये चारपाच जण होते. मी म्हणालो, “ऐका रे, मेस्त्री आता इतिहासाचे प्राध्यापक होणार!” सगळे हसले.

मेस्त्री कोपऱ्यात पडलेल्या दुसऱ्या एका वस्तूकडे बघत होते. लोखंडी पट्ट्या जोडून वरून कड्यांनी आवळलेली, पुरुषभर लांब नळी. तिचा मागचा हातभर भाग वरून उघडा होता, पन्हाळीसारखा. ती मी ‘पाइप, मागून तुटलेला, नग एक’ अशी लिहिली होती.

“तुटलेलो नाय तो,” मेस्त्री म्हणाले. “आदी बसवन बघूया.”

अर्धा दिवस ते रॉकेलच्या फडक्यानं गंज पुसत बसले. नंतर त्यांनी तो मग त्या पन्हाळीत आडवा ठेवला. त्याची निमुळती मान नळीच्या मागच्या तोंडात अलगद शिरली. बुडामागे थोडी फट राहिली, आणि तिथेच पन्हाळीच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर खाचा होत्या. मेस्त्रींनी खोक्याच्या फळीची पाचर तासली, खाचांतून आरपार सरकवली आणि हातोडीनं दोन ठोके दिले.

“खलास!” उरलेले दोन्ही मगही तसेच बसले.

“आमच्या विजयदुर्गावरच्यो तोफो तोंडान जेवतत,” ते म्हणाले. “ही पाठसून जेवता.” मग सांध्यावरून बोट फिरवलं. तिथलं लोखंड जळून खाल्ल्यासारखं झालं होतं. “हय बारीक फट जरी रवली, तरी जाळ मारणाऱ्याच्याच तोंडार.” आणि नकळत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना हात लावला.

मंगळवारी साहेब आले आणि तोफेपुढे गुडघ्यांवरच बसले. पाचसहाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या लढायांत अशा तोफा वापरात आल्या, त्यांनी सांगितलं. असे मग दारू ठासून आधीच भरून ठेवायचे. एक उडाला की पाचर काढायची आणि दुसरा बसवायचा. पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांवरून त्या या समुद्रात आल्या. मग उठून, हात झटकत त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं?

मेस्त्री दहा पावलांवर उभे होते, हातात हातोडी घेऊन. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि बायको कऱ्हाडला होती. दोह्यात नोकरी मिळाली असती तर मला तिला आणता आलं असतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं, म्हणून सांगतो.

“आय डिड, सर,” मी म्हणालो.

मेस्त्री पुढे आले आणि त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. “साहेबाक पाचर काढून दाखय.” मी ठोकलं, ठोकलं, पाचर हलेना. मी उलट्या बाजूनं ठोकत होतो. मेस्त्रींनी बोटानं दुसरी बाजू दाखवली आणि ते मागे सरले.

टेबल मला मिळालं. दोन महिन्यांनी मेस्त्री गावी निघाले, तेव्हा मी त्यांची ट्रंक उचलून गाडीत ठेवली.

“इंग्रजी माका येत नाय रे,” ते म्हणाले. “पण ‘आय’ म्हणजे काय ता कळता.” मग म्हणाले, “ती पाचर खोक्याच्या लाकडाची हा. हयच्या हवेन सुकतली, सैल जातली. ठोकत रव.”

तोफ म्युझियममध्ये काचेच्या पेटीत गेली. पाचर खरंच सुकायची. दर उन्हाळ्यात मी पेटी उघडून दोन ठोके द्यायचो, योग्य बाजूनं. दोह्यात बिन महमूद भागात फ्लॅट झाला, बायको आली, मुलगी झाली. मुलगी सात वर्षांची असताना शाळेच्या सहलीबरोबर म्युझियममध्ये आली आणि पेटीपुढे उभी राहून मैत्रिणींसमोर तिनं अभिमानानं विचारलं, “बाबा, यू फाउंड इट, ना?”

मला हो म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. “तुम्ही पाचरीवर उलट्या बाजूनं ठोकलं होतं,” साहेब म्हणाले. “मी विचारायला हवं होतं.” त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि आपलं पेन माझ्यापुढे धरलं. मी ‘लोखंडी मग’ खोडलं, खरं काय ते लिहिलं, आणि ते कुणी ओळखलं त्याचं पूर्ण नाव लिहिलं. महिन्याभरात पेटीतली पाटीही बदलली. नवी पाचर मी सागाची केली.

त्या सुट्टीत जुनी पाचर आणि नव्या पाटीचा फोटो घेऊन मी देवगडला गेलो. मेस्त्रींचं वर्कशॉप खाडीच्या काठी होतं. वर नारळीच्या झावळांचं छप्पर, खाली गारवा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगाचा चष्मा होता. लाँचचं इंजिन दुरुस्तीला आलं होतं आणि ते सुरू करून मेस्त्री आवाज ऐकत होते. आजूबाजूला चारपाच खलाशी. मला बघून ते खुलले. “घाटी इलो! चाय पितलस?”

मी आधी पाचर दिली. त्यांनी कडांवरून अंगठा फिरवला. “माझी ही.” मग फोटो दिला. तो चष्म्याजवळ नेऊन ते आपलं नाव एकेक इंग्रजी अक्षर लावत वाचत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावरही फोटो त्यांनी खाली ठेवला नाही.

“इतको लांब ह्या द्यायक इलस?”

मी जे ठरवून आलो होतो ते पुटपुटलो.

“काय? इंजिन चालू हा रे. मोठ्यान सांग!”

इंजिन बंद होईपर्यंत थांबता आलं असतं. पण दहा वर्षं मी थांबलोच होतो. मी आवाज चढवला. खलाशी वळून बघू लागले.

“मेस्त्री, साहेबांनी विचारलं, हे कुणी ओळखलं, तेव्हा मी म्हणालो, मी. तो मी नव्हतो, तुम्ही होतात. तुमची सावली मी घेतली. माझं चुकलं. मला माफ करा.”