आत्याची दाढ आणि माझं पत्रक

माझ्या पत्रकांत शुद्धलेखनाच्या चुका ढिगानं निघाल्या, त्याचं मला काही वाटत नाही. मुद्द्याची चूक मात्र एकदाच निघाली आणि ती आत्याच्या तोंडात होती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात पेडगावच्या बायांच्या पुढं माझी आत्या असायची. घोषणा मी द्यायची, उत्तर तिनं. मी ‘नामांतर’ म्हटलं की तिचं ‘झालंच पाहिजे’ परभणीचा बाजार ओलांडून स्टेशनापर्यंत जायचं. अशाच एका मोर्चात पोलिसांनी आम्हाला धरलं, दिवसभर कोठडीत बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. त्यानंतर आठच दिवसांत आत्याला ताप आला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम येऊन उतरायचा. हिवतापाच्या गोळ्या झाल्या, विषमज्वराच्या झाल्या. महिनाभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

मी गप्प बसणारी नव्हे. रातोरात सायक्लोस्टाईलवर पत्रक काढलं. मथळा होता : ‘कोठडीतील दूषित पाण्याचा बळी’. सकाळी चुलीपुढं बसलेल्या आत्याला वाचून दाखवलं.

“बळी कशाची? मी भाकरी थापायलाय की,” ती म्हणाली. “अन् पाणी त्यांनी कवा दिलं गं? दिवसभर घसा वाळला नव्हता का?”

हे खरं होतं. मी ‘दूषित पाण्याचा’ खोडून ‘पाणी न देण्याचा’ केलं. अन्याय उलट वाढलाच.

ताप काही पत्रक वाचून उतरला नाही. शेवटी आत्याला परभणीच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, “आत्याबाई, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?”

“आला होता. आईनं निरगुडीचा पाला बांधला. गेला.”

“ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप खराब करून गेला. आता त्या झडपेवर जंतू बसलेत असं वाटतंय. ते कुठून आले ते बघायचंय. तोंड उघडा.”

आत्यानं पदर तोंडावर ओढला. मी पत्रक पुढं केलं आणि कोठडीचा मुद्दा मांडला. डॉक्टरांनी ते पूर्ण वाचलं, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच पाहिजे.

“कोठडीतून हृदयात जायला वाट नाही हो, ताई,” ते म्हणाले. “तोंडातून आहे. दात किडला, हिरडीतून रक्त आलं, की तोंडातले जंतू रक्तात शिरतात. चांगल्या झडपेवर ते टिकत नाहीत, रक्ताबरोबर वाहून जातात. खराब झालेली झडप खडबडीत असते. तिथं चिकटतात, वाढत जातात आणि त्यांचा थर बसतो.”

“म्हणजे अतिक्रमण,” मी म्हणाले.

“तसंच समजा. आणि त्या थरातला एखादा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा. झडपच फाटली तर मग माझ्या हातात फारसं काही उरणार नाही.”

माझं पत्रक माझ्याच हातात जड झालं. पण आत्या तोंड उघडेना. चाळीस वर्षं मिश्री लावलेले तिचे दात परक्या पुरुषानं कधी पाहिले नव्हते. हसायची तीसुद्धा पदराआड.

“दात बघायला मी काय बाजारातला बैल हाय?” ती पदरातून म्हणाली. “अन् माझं काय बी दुखत न्हाई.”

हे साफ खोटं होतं. ती वर्षभर एकाच अंगानं चावत होती. तिच्या बटव्यात मिश्रीच्या डबीशेजारी बाभळीचा काटा असायचा, दाढ ठणकली की टोचायला. मी हे डॉक्टरांना सांगितलं तर आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्याशीच काय, कुणाशीच नाही. तोंड घट्ट मिटलेलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बॅटरी घेऊन आले, हात जोडले, पदर हलेना तसे परत निघाले. माझं डोकं फिरलं. लाठीला न भ्यालेली बाई एका दाढेपायी मरायला निघाली होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, मूठ वर केली आणि पोटातून ओरडले, “नामांतर…”

पदर गळून पडला. “झालंच पाहिजे.”

डॉक्टर दारातून वळले. “पुन्हा एकदा म्हणा.”

दुसऱ्या वेळी ते जवळ पोचले. तिसऱ्या वेळी बॅटरीचा उजेड नेमका आत पडला. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, जिच्या घरचे नामांतराच्या विरोधात होते. आत्यामागोमाग तीही ‘झालंच’पर्यंत आली आणि ‘पाहिजे’ गिळून भिंतीकडं वळली.

“डावीकडची खालची दाढ,” डॉक्टर म्हणाले. “मुळापर्यंत किडलीय. हिरडीत पू आहे.”

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की पोलीस परवडले. “घरच्याच माणसानं फितुरी केली,” ती म्हणाली. पण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

रक्त तपासलं, जंतू सापडले. दर चार तासांनी पेनिसिलीनची सुई, सहा आठवडे. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरला तशी आत्या म्हणाली, बाजारात दात काढणारा बसतो, त्याच्याकडून एका झटक्यात काढून घेते. डॉक्टर पहिल्यांदाच रागावले. तसं उपटलं तर जंतू पुन्हा रक्तात जातील, म्हणाले. दाढ निघाली ती दवाखान्यातच, औषधाच्या पहाऱ्यात.

मी नवीन पत्रक लिहिलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल आणि हृदय अधू असेल, तर दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगा. काट्यानं हिरडी टोचू नका. मिश्री सोडा. आत्यानं ऐकून घेतलं.

“मिश्रीला इतकं वंगाळ लिवलंस,” ती म्हणाली, “अन् नामांतर कुठं हाय ह्यात?”

तळाला ठळक अक्षरात ‘नामांतर झालंच पाहिजे’ घातलं, तेव्हा कुठं ती बाजारात पत्रकं वाटायला निघाली. मिश्री सुटली असं लिहिलं तर खोटं होईल, कमी झाली. पण भाजीच्या पाट्यांपुढं तिनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बाया कागद हातात घेऊन हसायला लागल्या, दाढेनं कुठं माणूस मरतंय व्हय, म्हणाल्या. बापे पण थांबले होते. आत्यानं पदर कमरेला खोचला आणि सगळ्यांसमोर आ वासून काढलेल्या दाढेचं भोक दाखवलं.

“बैलाचे बघता न्हवं?” ती म्हणाली. “मग हे बी बघा.”