मामाजी रस्ता पाहून येतात

भारतातली बहुतेक मोठी शहरं माझ्या बायकोच्या मामांनी पाहिली आहेत, पण त्यांतलं एकही त्यांनी घोट्याच्या वर पाहिलेलं नाही. हैदराबादला ते चारमिनारच्या पायथ्याशी चांगले पाऊण तास उभे होते. घरी आल्यावर कुणीतरी गमतीनं मिनार किती म्हणून विचारलं, तर नावातच आकडा असूनही ते गडबडले. खाली मक्याची दाणे खाऊन टाकलेली बुरकुंडं किती, केळीची सालं किती आणि उसाचा चोथा कुठल्या बाजूला, हे मात्र त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. मुंबईला समुद्र कसा वाटला असं विचारलं तेव्हा म्हणाले, पाणी होतं, पण काठावर नारळाची टरफलं फार. दिल्लीत त्यांच्या डोळ्यांसमोरून कुणा बड्या पुढाऱ्याचा ताफा गेला म्हणे. मामाजींना ताफा दिसला नाही. ताफा गेल्यावर रस्त्यावर उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या त्यांना आजही आठवतात.

मी साकोलीला एका कचेरीत कारकून आहे आणि मामाजी अड्याळला धानाची शेती करतात, जोडीला तांदळाचा थोडाफार व्यापार. अशा माणसाला शहरांशी काय घेणं, असं कुणालाही वाटेल. पण गावातला कुणीही दवाखान्यासाठी, कोर्टासाठी किंवा पोराच्या कॉलेजसाठी मोठ्या शहरी निघाला की सोबतीला मामाजींना नेतो. ते रांगेत कंटाळत नाहीत, चालून थकत नाहीत आणि हॉटेलात भाजी कशीही असली तरी पोळी मोडून गुमान जेवतात. सोबत्याचं काम आटोपेपर्यंत ते हात मागे बांधून, मान खाली घालून रस्त्यारस्त्यानं फिरतात. नागपुरात एकदा दोन पोलिसांनी यांचं काहीतरी हरवलं आहे असं समजून बराच वेळ यांच्यासोबत शोधाशोध केली. शेवटी काय हरवलं ते विचारावं असं त्यांच्या मनात आलं, तेव्हा मामाजींनी काही हरवलं नसून आपण फक्त पाहून राहिलो आहोत असं शांतपणे सांगितलं. त्या दोघांनी यांना चहा पाजून बसमध्ये बसवून दिलं.

रस्त्यावरच्या कचऱ्याचे त्यांनी तीन वर्ग पाडले आहेत: खाऊन टाकलेला, वाचून टाकलेला आणि रागानं टाकलेला. खाऊन टाकलेला कचरा ते माफ करतात, कारण भूक कुणाला चुकली नाही. वाचून टाकलेल्याला ते उलट मान देतात. एखाद्या शहरात चुरगळलेले पेपर फार दिसले की तिथली माणसं विचारी आहेत, पण विचार पटत नाहीत त्यांना, असं त्यांचं अनुमान असतं. खरी भीती त्यांना तिसऱ्या वर्गाची. फुटका कंगवा, मधोमध फाडलेला फोटो, एकटी चप्पल. दोन्ही चपला पडलेल्या असल्या तर माणूस विसरला म्हणावं, पण एकच पडली असेल तर ती फेकून मारलेली असते, असं ते ठामपणे सांगतात. यावर वाद घालायला गेलो तर तेच मला उलट विचारतात की बुवा, तुमची एक चप्पल कधी आपोआप हरवली का. माझी खरंच कधी हरवलेली नाही.

आता असा माणूस स्वतः अगदी सोवळा असेल असं वाटणं साहजिक आहे, पण मामाजींच्या तोंडात दिवसातून सहा वेळा खर्रा असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं हे आमच्या भागातलं दैवत. खर्रा आला म्हणजे थुंकणं आलं, आणि इथे मामाजींनी आपल्या अंतरात्म्याशी एक तडजोड करून ठेवली आहे. रिकामी पन्नी ते परक्या गावात कधी टाकत नाहीत, सदऱ्याच्या डाव्या खिशात जपून घरी आणतात. पाहुण्यानं दुसऱ्याच्या गावात घाण करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी अंथरूण ओलं करण्यासारखं आहे, असं ते म्हणतात. थुंकण्याचा नियम त्याहून कडक. जिथे आधीच कुणीतरी थुंकलेलं आहे तिथेच ते थुंकतात. नवी जागा उघडत नाहीत. एका शहरात तर त्यांनी चकचकीत जिना सोडून, चार मजले उतरून, सगळ्यांनी लाल करून ठेवलेला जुना कोपरा शोधून काढला होता. आजवर आपण भारतात एकही नवा डाग पाडला नाही, ही गोष्ट ते चारचौघांत छाती काढून सांगतात.

हे सगळं गंमत म्हणून चाललं होतं तोवर ठीक होतं. पण मामाजींना एकुलती एक मुलगी, पिंकी. तिला स्थळं यायला लागली, आणि हल्ली शिकलेली पोरं सगळी मोठ्या शहरांत. आमच्याकडे मुलीकडची मंडळी मुलाचं घर पाहायला जातात. बाकीचे बाप घर पाहतात, शेती विचारतात, शेजारीपाजारी हळूच चौकशी करतात. मामाजी घरासमोरचा रस्ता पाहून परत यायचे. नागपूरचा मुलगा सरकारी नोकरीत होता, देखणा होता. त्याच्या गल्लीत लग्नाच्या वरातीतल्या फटाक्यांचा कचरा आठ दिवसांचा जुना निघाला आणि मामाजींनी नकार कळवला. पुण्याच्या मुलाच्या घराशी कचरा टाकू नये अशी पाटी होती आणि कचरा बरोबर पाटीखाली होता. पाटी नसती तर बिचाऱ्या लोकांना कुठे टाकावं ते समजलं नसतं, असं म्हणून मामाजी उठले. मुंबईचं स्थळ त्यांनी वेगळ्याच मुद्द्यावर मोडलं. तिथे माणसांच्या पायांमुळे रस्ताच दिसला नाही, आणि जो दिसला नाही तो पास कसा करावा. हैदराबादच्या मुलाच्या गल्लीत तीन एकट्या चपला सापडल्या, तेव्हा तर ते चहासुद्धा न घेता परतले.

पिंकीचं वय वाढत होतं आणि मामीजींचा आवाजही. अशात इंदूरचं स्थळ आलं. म्हणजे आलं असं सांगितलं गेलं, खरं तर पिंकी आणि तो मुलगा नागपूरला एका कॉलेजात होते आणि त्यांचं आपसात केव्हाच ठरलं होतं. घराणं मूळचं आमच्याच भागातल्या करडी गावचं, नात्यागोत्यातलं, बापाच्या नोकरीपायी इंदूरला स्थायिक झालेलं. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती, फक्त रस्ता पाहायचा बाकी होता. मामाजी निघायच्या आदल्या दिवशी पिंकी साकोलीला आमच्या घरी आली. माझ्या बायकोशी थोडं बोलली आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एरवी ती माझी यथेच्छ थट्टा करते, त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भाऊजी, तुमी बाबासंगं जा," ती म्हणाली. "रस्त्यात काही पडून दिसलं तं समोर जाऊन उचला, पण बाबाले दिसू देऊ नका. या वेळेस नाही म्हटलं तं मी दुसऱ्या कोणाशी लग्न करन नाही."

म्हणून मी गेलो. रात्रभराच्या प्रवासानंतर आम्ही सकाळी इंदूरला उतरलो. मामाजींनी बसस्टॅंडवर तोंड धुतलं, मोठ्या कामगिरीवर निघाल्यासारखा भरपूर खर्रा तोंडात टाकला आणि मान खाली घातली. मी त्यांच्यापुढे वीस पावलं चालत होतो, खिशात रिकामी पिशवी घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं शहर मामाजींच्या नजरेनं पाहत होतो आणि मला त्यात काहीच दिसत नव्हतं. एक कागद दिसला म्हणून मी झडप घातली, तर तो एका बाईंच्या हातून नुकताच निसटलेला होता आणि त्या वाकून तो घेतच होत्या. आमची डोकी एकमेकांवर आपटली. चूक माझी होती, पण माफी त्यांनीच मागितली. मागे वळून पाहिलं तर मामाजींचा चेहरा पडत चालला होता. एक चौक गेला, दुसरा गेला, साल नाही, पन्नी नाही, चप्पल नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की चेहरा नुसता पडलेला नाही, फुगलेलाही आहे. त्यांना थुंकायचं होतं. ते प्रत्येक भिंतीचा कोपरा पाहत होते, विजेच्या खांबाचा बुंधा पाहत होते, एका पानठेल्यामागेही जाऊन आले, पण त्यांच्या आधी कुणी थुंकलेली जागा त्यांना कुठे सापडेना. मी म्हटलं, मामाजी, इथे कोण पाहतं आहे, टाका त्या नालीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मंदिरातली घंटा चोरायला सांगितलं होतं.

तशा अवस्थेत आम्ही मुलाच्या घरी पोचलो. हात धुवायला नेलं तेव्हा मला हायसं वाटलं, पण बेसिन एवढं पांढरं होतं की मामाजींनी नुसते हात धुतले आणि तोंड मिटूनच बाहेर आले. पुढचा तासभर ते एक अक्षर बोलले नाहीत. चहा आला, त्यांनी हातानंच नको म्हटलं. पोहे आले, तेही नको. मुलाच्या वडिलांनी करडीच्या तलावाचा, धानाचा, जुन्या नात्यांचा विषय काढला. मामाजी डोळे अर्धे मिटून, मान किंचित वर धरून ऐकत राहिले. त्यांना मान वर धरणं भागच होतं. मुलाकडच्यांवर त्याचा विलक्षण परिणाम झाला. इतका धीरगंभीर, निरिच्छ माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मुलाची आई तर आतूनच डोक्यावर पदर घेऊन नमस्काराला आली. शेवटी मुलाच्या वडिलांनी हात जोडले.

"मंग पाहुणे, पक्कं समजाव का आमी?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या नजरेतला नकार स्वच्छ दिसत होता, आणि तो बोलून दाखवायला मी मोकळा होतो. माझ्या तोंडात काही नव्हतं. पण मला पिंकीचे डोळे आठवले आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो. मामाजींनी दीर्घ श्वास घेतला आणि त्यांच्या नाकातून "हूं" असा आवाज आला. त्याबरोबर घरात धावपळ उडाली. कुंकू आलं, पेढे आले, मुलगा पाया पडला, आणि मामाजींनी मिटल्या तोंडानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

शहराच्या हद्दीबाहेर एका धाब्यावर बस थांबली तेव्हा त्यांना मागच्या भिंतीवर जुना लाल डाग सापडला. परत आले तेव्हा सात-आठ वर्षांनी म्हातारे दिसत होते. मी अपराध्यासारखा म्हणालो की अजूनही फोन करून नकार कळवता येईल.

"मी नकारच द्यायले आलो होतो, जवाई," ते म्हणाले. "सगळ्याइले तसाच देल्ला. ज्याले हातातला कागद सांभाळता येत नाही, थो माही पोरगी काय सांभाळन, असं वाटे मले. आता या गावात तं कागदई सांभाळतेत. मी काय बोलू?"

मग बसमध्ये ते नागपूरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले.

वैशाखात लग्न झालं. अड्याळच्या अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला, गावजेवण झालं, आणि संध्याकाळी पिंकी रडत रडत इंदूरच्या गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. अक्षता, झेंडूच्या माळा, द्रोण, कागदी पेले, फुटलेले फुगे, आणि डहाळ्या खायला शिरलेल्या शेजारच्या चार शेळ्या. मधोमध खुर्ची टाकून मामाजी बसले होते आणि घरातले झाडून सगळे खराटे त्यांनी मांडीवर घेतले होते. माणूस घरातून निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागे झाडायचं नसतं, नाहीतर त्याचं येणं झाडलं जातं, अशी आमच्याकडची रीत. ती पाळताना पाच-दहा मिनिटं थांबतात लोक. मामाजी काल संध्याकाळपासून थांबले होते. मामीजी दारातून ओरडत होत्या, कामाला आलेल्या बाया ओट्यावर टेकून हसत होत्या, रस्त्यानं जाणारे येणारे वाकून वाकून ती घाण पाहत होते. मामाजींनी शेळ्यांनाही हाकललं नाही.

नवाच्या सुमारास फोन आला. पिंकी म्हणाली, बाबा, पोचलो. त्यांनी विचारलं, घराच्या आत गेली का. ती म्हणाली, हो, उंबऱ्याच्या आत. मग त्यांनी फोन मामीजींना दिला आणि खराटे एकेक करून बायांच्या हाती दिले. बाया भराभर झाडायला लागल्या. बघता बघता अंगण लख्ख झालं, फक्त मामाजींच्या खुर्चीखालची आणि भोवतालची हातभर जागा राहिली, कारण ते उठलेच नाहीत. एक बाई खराटा घेऊन ताटकळत उभी राहिली, तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, मामाजी, पोचली ना ती, आता उठा, एवढंच राहिलं आहे.

"थे पोचली हो," ते म्हणाले. "मले थोडा टाइम द्या."

मी त्या बाईला खुणेनं आत पाठवलं, ओट्यावरची दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्याजवळ बसलो. आतून मामीजींचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता आणि आम्ही दोघं तो ऐकत राहिलो.