तिसऱ्या दिवसाचं पोतं

मेसेज आला तेव्हा मला आधी वाटलं, खोटा आहे. कामाच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता, जोडलेल्या हातांसकट : 'सुखदेव मामा गेले.' आमच्या ग्रुपवर कोण कधी काय टाकेल नेम नाही, आणि आदल्या संध्याकाळी तर मामा गेटवर बसून फुटाणे खात होते, मी स्वतः पाहिलं होतं! मी लगेच वंदनाताईंना फोन लावला. त्या आमच्याकडे पोती शिवायच्या मशीनवर असतात, मामांच्याच गावच्या, अनसिंगच्या. त्या म्हणाल्या, "हो, पहाटी गेले, झोपेतच. आता तरी इस्वास ठेवता का?" आता तरी... ते दोन शब्द दीड महिना झाला टोचतायत, म्हणून लिहायला बसलेय.

आमचं सोयाबीन बियाण्याचं केंद्र आहे, वाशीमच्या बाहेर, पुसद रोडला. बियाणं येतं, चाळतो, निवडतो, पोत्यात भरतो, पेरणीच्या आधी विकतो. मी अमरावतीहून एमबीए करून गेल्या वर्षी लागले आणि पहिल्याच आठवड्यात मालक सुधीरभाऊंनी मला काम दिलं. नव्या कामगारांना शिकवायची पद्धत कोणती ठेवायची ते तू ठरव. टॅबवरचे व्हिडिओ घ्यायचे, की मामा शिकवतात तसंच चालू द्यायचं? मामा सुधीरभाऊंच्या वडिलांच्या वेळचे, नवा माणूस आला की पहिले तीन दिवस त्यांच्या हाताखाली. मी एवढी खुश की त्याच रात्री लॅपटॉपवर तक्ता केला, व्याख्यान, प्रात्यक्षिक, व्हिडिओ, जुन्यासोबत नव्याची जोडी, सगळे रकाने रंगीत. दुसऱ्या दिवशी मामांना समोर बसवलं. पहिल्या दिवशी काय शिकवता?

"पोतं उचलाले आन् ठेवाले."

"एवढंच?"

"एवढंच लय हाय मॅडम. सोयाबीनचं साल पातळ राह्यते. पोतं वरून आपटलं का आतला कोंब मरते. दाना दिसते चांगला, पन उगवत नाही. मंग शेतकरी आपल्या नावानं बोंबलते."

दुसऱ्या दिवशी ते ओल्या गोणपाटात आधीच उगवायला घातलेले दाणे उकलून दाखवायचे, शंभर आपटलेल्या पोत्यातले, शंभर नीट ठेवलेल्या पोत्यातले, आणि कोंब नव्या माणसांनाच मोजायला लावायचे. मी भराभर टाइप करत होते. आणि तिसऱ्या दिवशी? मामांनी माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं. मग हसले. "तिसऱ्या दिवसाचं कागदावर येत नाही."

झालं. माझ्या डोक्यात तिथेच किडा शिरला. कागदावर का येत नाही? जुनी माणसं खुर्ची टिकवायला हातचं राखून शिकवतात, हे मी कॉलेजात ऐकलेलं होतं. त्यात तिसऱ्या दिवशी मामा शेडचं शटर खाली ओढून घ्यायचे. मी कामगारांना विचारलं, तर ते एकमेकांकडे बघून हसायचे नि विषय बदलायचे. एकजण म्हणाला, "तुमीच बसा ना मॅडम तिसऱ्या दिवशी, कळन." मला वाटलं, आत दमदाटी करत असतील. किंवा या संघटनेत ये, त्या संघटनेत ये असलं काहीतरी. मी फोनमध्ये नोंदी ठेवायला लागले, मामा किती वाजता कुठे, कोणाशी बोलले... आज वाचताना लाज वाटते.

जानेवारीत चार नवे कामगार आले. त्यांच्या तिसऱ्या दिवशी शटर अर्धंच ओढलेलं होतं, मी वाकून आत गेले. चौघं रांगेत उभे. मामांनी एक पोतं छातीपर्यंत उचललं, चौघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दाणकन खाली आपटलं! मामांनी! धूळ उडाली. कोणी हूं की चूं केलं नाही. मी फोटो काढला, मामा तसेच माझ्याकडे बघत उभे. मग म्हणाले, "चला, उद्या पुन्हा."

गेटपर्यंत पोचायच्या आत मी फोटो सुधीरभाऊंना पाठवला होता. ते तसेच शेडमध्ये आले, चौघं अजून तिथेच होते. "मामा, हे तुम्ही आपटलं?" "हो भाऊ, मीच." "मग पोरांना शिकवता काय?" मामा त्या चौघांकडे बघून म्हणाले, "काही नाही भाऊ." बस. दुसऱ्या दिवसापासून मामा गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सह्या घ्यायला. आणि व्हिडिओ आले, खरंच छान होते, त्यात एक कार्टून हमाल पोतं बाळासारखं उतरवायचा. परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी स्टेटसला ठेवलं.

मग मार्चमध्ये तो ट्रक आला. ड्रायव्हर घाईत होता, वर चढून स्वतःच पोती खाली फेकायला लागला, आणि माझे पैकीच्या पैकी वाले पाच जण खाली उभे राहून बघत राहिले. पुढच्या आठवड्यात गोणपाट उकललं तर त्या पोत्यांतलं निम्मंही उगवलं नव्हतं. सगळं बियाणं तेलाच्या गिरणीला गेलं. ते चुकून विकलं गेलं असतं तर कोणाच्या तरी वावरात गेलं असतं... मी एकेकाला बोलावलं. नीलेश म्हणाला, "मॅडम, तो ड्रायव्हर मोठा मानूस. व्हिडिओत मोठ्या मानसाले कोनी टोकत नाही." मला वाटलं, बहाणा आहे. खरं सांगू? मला असंही वाटलं की मामांनीच गेटवरून यांना फितवलंय.

त्याच संध्याकाळी मी निघताना मामांनी सहीची वही पुढे केली, सोबत फुटाण्यांचा पुडा. मी घेतले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, तो फोटो हाय का अजून?"

"का? डिलीट करू?"

"नाही, नाही. ठेवा. कवातरी नीट पाहा."

मला ती धमकी वाटली. मी 'येते' सुद्धा म्हटलं नाही. ती त्यांची शेवटची संध्याकाळ.

मामांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसाच्या कार्यक्रमाला, मी अनसिंगला गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि मांडवात वंदनाताई माझ्याजवळ येऊन बसल्या. "फोटोत लाल दोरा पाह्यला का?" मला कळेना. त्या म्हणाल्या, "आपलं एकूनएक पोतं पांढऱ्या दोऱ्यानं शिवते. मामाचं ते एकच लाल. चाळनीखालचा कचरा भरून मीच शिवून देल्लं होतं. तिसऱ्या दिवशी ते सोता आपटत. जो वरडन, 'मामा, आपटू नका', तो पास. मी तं शिवी देऊन वरडली होती. मंग दोन दिवस तोंड लपवत फिरली." आणि हसता हसता रडायला लागल्या.

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगतलं तं तिसरा दिवस राह्यते काय?"

"निदान भाऊंना तरी..."

"ते चौघं तिथंच उभे होते ना, मॅडम. त्यायचा तिसरा दिवस अजून बाकी होता."

परतीच्या एसटीत मी फोटो मोठा केला. पोत्याच्या तोंडाला लाल दोरा. आणि मामा... मी समजत होते ते पकडले गेले म्हणून माझ्याकडे बघतायत. ते वाट बघत होते. चौघांची, आणि माझीही. ओरडायचं सोडून मी फोटो काढला.

सुधीरभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, व्हिडिओ राहू दे, गोणपाट राहू दे, तिसरा दिवसही सुरू कर. हे छापून आल्यावर पोत्याची गोष्ट फुटणार, हे मी वंदनाताईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "फुटू द्या. मालूम असूनही वरडता येते का, ते पाहू."

मामांचं पोतं शेडच्या कोपऱ्यात तसंच होतं. गेल्या आठवड्यात तीन नवे आले, त्यांच्या तिसऱ्या दिवशी मी शटर ओढलं. माझ्याने ते जेमतेम कमरेपर्यंत उचललं गेलं. तिघांकडे पाहिलं आणि आपटलं. धूळ उडाली. कोणी बोललं नाही. आसेगावची एक मुलगी मागे उभी होती, तिने हळूच मोबाइल बाहेर काढला.

मी तिच्याकडे बघत थांबले, मामा थांबले होते तेवढा वेळ. मग शटर वर केलं आणि म्हटलं, "चला, उद्या पुन्हा."