सावळीरामचा सोलर

गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते, असं शाळेत शिकवतात. सावळीरामचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सोळा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी ती पाथर्डी फाट्यावरच्या गिरिजा अपार्टमेंटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, उज्वला देवरे यांच्या वॉशिंग मशिनमागून उगम पावली होती, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जिना चढताना त्याला आधी दोन स्लिपरा उतरताना भेटल्या. मग एक मग. मग अर्धा किलो कांदे, एकामागे एक, रांगेने. वर उज्वलाताई उपड्या बादलीवर उभ्या होत्या. एका हाताचा अंगठा तुटलेल्या नळाच्या भोकात होता, दुसऱ्या हातात फोन, आणि त्या आपल्या मुख्याध्यापकांना अत्यंत शांतपणे सांगत होत्या की सर, आज पहिला तास जमेलसं वाटत नाही.

सावळीराम त्यांच्या बाजूने आत गेला, डक्टची खिडकी उघडून हात घातला आणि एक कॉक फिरवला. गोदावरी थांबली.

"ताई, मेन कॉक बंद नाय केला?"

"मेन कॉक असतो?" उज्वलाताईंनी विचारलं.

अंबडच्या कारखान्यात पाइप फिटर असलेला सावळीराम कारखाना बंद पडल्यावर घरगुती प्लंबिंगमध्ये आला, तेव्हापासून हा प्रश्न त्याने इतक्या घरांत ऐकला होता की त्याला आता आश्चर्य वाटत नसे, नुसता थकवा येई. लोक फ्लॅट ताब्यात घेताना देवघर कुठल्या दिशेला ते चारदा विचारतात. मेन कॉक कुठंय, हे एकदाही नाही.

त्या दिवशी पाणी पुसता पुसता त्याने उज्वलाताईंना सगळं सांगितलं. मेन कॉक महिन्यातून एकदा उघडबंद करायचा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो जाम होतो. नळ थेंब थेंब गळायला लागला की पैलवानासारखा आवळायचा नाही, आतला वायसर बदलायचा. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी ठिबकलं तर तिथे चिंधी कोंबायची नाही. तो बिचारा आतला दाब बाहेर सोडतो, तोंड बांधलं तर टाकी फुटेल. उज्वलाताईंनी हे एका वहीत लिहून घेतलं. सावळीरामच्या आयुष्यात त्याचं बोलणं लिहून घेणारं ते पहिलं आणि शेवटचं माणूस.

पुढच्याच वर्षी गिरिजाच्या गच्चीवर सोलर बसला आणि तो सावळीरामने बसवला. बारा फ्लॅट, एक मोठी टाकी, आणि खाली उतरणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनी. पट्टी लावून ओढाव्यात तशा सरळ. हवा कुठे अडकू नये म्हणून प्रत्येक आडव्या पाइपाला बोटभर उतार दिलेला. काम झालं त्या रविवारी तो कुसाबाईला, म्हणजे बायकोला, मुद्दाम गच्चीवर घेऊन गेला. कुसाबाईने चारी बाजूंनी नीट बघितलं.

"नळच आहेत ना?" ती म्हणाली.

पण सावळीराम खूश होता. गळलेलं बंद करणं आणि तुंबलेलं मोकळं करणं यात त्याचा जन्म गेला होता. स्वतःच्या हाताने उभी केलेली अशी ही एकच गोष्ट होती.

या हिवाळ्यात त्या सोलरचं पाणी कोमट यायला लागलं. कोमट म्हणजे नाशिकच्या जानेवारीत गारच. बारा घरांतून सकाळी सातला एकाच वेळी एकच किंकाळी उठू लागली. चेअरमन धनराज यांनी नोटीस लावली: येत्या रविवारी मिटिंग, विषय – सोलर काढून घरोघरी गिझर.

"मला आठ दिवस द्या, चेअरमनसाहेब," सावळीराम म्हणाला.

"घे की. पण म्हातारा झालाय रे तुझा सोलर."

"सोलर नाय झाला. मी झालोय."

ते खरं होतं. एकसष्टावं लागलेलं, आणि गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. चार मजले आणि वर लोखंडी शिडी. प्रत्येक मजल्यावर तो पायरीवर बसायचा आणि त्या मजल्यावरचं कोणीतरी दार उघडून म्हणायचं, "मामा, बसलाच आहात तर आमचा फ्लश बघता का?" अशा रीतीने गच्चीवर पोचेपर्यंत त्याची तीन कामं व्हायची आणि दम एकदाही पुरायचा नाही.

त्याने काचेच्या नळ्या धुतल्या. बोअरच्या पाण्याचा क्षार खरवडला. फरक शून्य. पाचव्या दिवशी भल्या सकाळी त्याने टाकीच्या तोंडाशी पाणी काढून बघितलं आणि हात झटकला. कढत! म्हणजे टाकी निर्दोष. चोर मधे कुठेतरी होता. मग तो मजल्यामजल्यावर थंड पाण्याचे पाइप हाताने चाचपत खाली उतरला. तिसऱ्या मजल्यावर थंड पाइप गरम लागला. दार चेअरमनसाहेबांचं होतं.

धनराजांनी दिवाळीत बाथरूम नवं केलं होतं. फुलाफुलांच्या टाइल्स, चकचकीत मिक्सर, आणि हातात धरायचा शॉवर, बटण दाबलं की पाणी बंद. मिक्सरच्या दोन्ही चाव्यांवर लाल ठिपके होते.

"हे काय, साहेब?"

"नेलपॉलिश. उज्ज्वल कल्पना आहे माझी. गरम इतकं, थंड इतकं, एकदम माझ्या अंगाला मानवेल असं. एकदा जुळवलंय, आता चाव्यांना हात लावायचा नाही. शॉवरचं बटण बंद केलं की झालं."

सावळीराम बंद कमोडवर बसला. बसण्याचं कारण अर्धं गुडघे होतं.

"साहेब, दोन्ही चाव्या उघड्या आणि तोंड बंद. मग पाण्याने जायचं कुठं? खालच्या ताईंनी गरम नळ सोडला की तुमचं थंड पाणी इथनं मधनं घुसतंय त्यांच्या गरम लाइनीत, नि कधी गरम उलटं थंड लाइनीत. दिवसभर."

"माझ्या दोन चाव्यांनी अख्खी बिल्डिंग गारठली?"

"बंद करून बघा."

चेअरमनांनी, त्यांचं हे कौतुक करायला हवं, चाव्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उज्वलाताईंचा फोन आला. "सावळीरामभाऊ, भाजलं हो! काय सुंदर भाजलं!" त्या दिवशी सावळीरामने चहा दोनदा घेतला.

शनिवारी पाणी पुन्हा कोमट.

तो पुन्हा दारोदार फिरला. धनराजांचा मिक्सर बघायला दिवाळीत सगळी सोसायटी येऊन गेली होती, आणि नंतर आणखी पाच घरांत तोच मिक्सर बसला होता. नेलपॉलिशसकट. एका सकाळी सगळ्यांच्या चाव्या बंद सापडल्या, तो नुसता योगायोग होता.

रविवारी मिटिंगमध्ये त्याला बोलायला दिलं. त्याने सांगितलं, प्रत्येक मिक्सरच्या मागे दोन छोटे व्हॉल्व्ह बसवू, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे. कायमचा प्रश्न मिटेल. फक्त दोन-दोन टाइल्स फोडाव्या लागतील.

सभेने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने कोणाची तरी मुलगी मागितली होती.

"फुलांच्या?" चेअरमनीणबाईंनी विचारलं.

"तशी टाइल आता मिळत नाही," कोणीतरी म्हणालं.

"मग नका फोडू," सावळीराम म्हणाला. "नुसत्या दोन्ही चाव्या बंद करा आंघोळ झाल्यावर."

"रोज?"

"रोज."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांनी पण."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बारा घरांत, इतक्या माणसांनी, रोज, शिवाय पाहुणे. यापेक्षा गिझर सोपा, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आलं. "बटण दाबलं की झालं," धनराज हळूच म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण टाइल्सही खरंच छान होत्या. सोलर ठेवावा म्हणून एकच हात वर झाला, उज्वलाताईंचा. त्यांनी तो बराच वेळ वर धरून ठेवला.

घरी आल्यावर कुसाबाईने गरम पाण्याची पिशवी त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"काय म्हणाली मिटिंग?"

"काढायचा म्हणाली."

"तुम्ही सांगितलं नाय नीट?"

"नीटच सांगितलं गं. समजलं पण त्यांना."

कुसाबाईने पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली. मग म्हणाली, "सरळ होत्या हो लाइनी."

मार्चमध्ये सोलर उतरवला. टाकी पिंपळगाव बसवंतच्या एका भंगारवाल्याने टेम्पोतून नेली. बारा फ्लॅटमध्ये बारा गिझर बसले. त्यातले नऊ सावळीरामने बसवले, तीन कंपनीच्या माणसांनी.