आरशातला शेवटचा माणूस

शववाहिनी चालवणाऱ्या या माणसाला डेपोत सगळे ‘पहिला गिअर’ म्हणत. सव्वीस वर्षांत त्याने दुसरा गिअर क्वचितच टाकला होता. "निघाले बघा पहिला गिअर," मेकॅनिक म्हणायचा, "एखाद दिवशी आतला कंटाळून उठून बसेल." तो हसण्यावारी न्यायचा. त्याची पद्धत साधी होती. मागून चालणाऱ्यांतला शेवटचा माणूस उजव्या आरशात दिसत राहिला पाहिजे. दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.

दोन वर्षांपूर्वी कार्यालयाने नवा फॉर्म छापला. त्यात एक रकाना होता, ‘कॉर्टेज’. कारकुनाला अर्थ विचारला, तर तो म्हणाला, "‘पूर्ण’ लिहा आणि मोकळे व्हा." चालकाला मात्र चैन पडेना. त्याच्या घराखालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंकडे तो दर रविवारी चहाला जाई. त्याने फॉर्म त्यांच्यापुढे धरला.

"मिरवणूकच म्हणा," बाई म्हणाल्या, "पण वाजतगाजत निघालेली नव्हे. मानाने सोबत चालणारी माणसं. हल्ली बहुतेक अंत्ययात्रेलाच वापरतात."

"म्हणजे माझी गाडी?"

"गाडी नाही हो. मागून चालतात ते. मागे कोणी नसेल, तर ती नुसती वाहतूक."

आतून बाईंच्या यजमानांचा आवाज आला, "माझ्या वेळी वाहतूक करू नका म्हणजे झालं."

गेल्या महिन्यात त्यांची वेळ आली. त्या दिवशी दुसरा चालक रजेवर होता, साडेचारला आणखी एक फेरी होती, आणि स्मशानभूमीतली पाळी चुकली तर तासभर खोळंबा ठरलेला. गाडीत बसा म्हटलं, तर बाई ऐकेनात. चालतच येणार म्हणाल्या. चौकातला सिग्नल पिवळा झाला, तेव्हा त्या आरशात दिसत होत्या. करडी शाल, गुडघ्यावर हात. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि दुसरा गिअर टाकला.

यजमानांच्या भाच्याला वाटलं, मामी शेजाऱ्यांबरोबर आहे; शेजाऱ्यांना वाटलं, भाच्याबरोबर. चुकामूक लक्षात आली तोवर पाळी लागून गेली होती. बाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. रकान्यात त्याने ‘पूर्ण’ लिहिलं.

पुढचे दोन रविवार तो खाली फिरकला नाही. तिसऱ्या रविवारी बाईंनीच त्याला जिन्यात गाठलं.

"तोंड का चुकवताय? माझ्या गुडघ्यांनी दगा दिला, तुमचा काय दोष? पन्नास वर्षं यांच्याबरोबर चालले आणि शेवटच्या चौकात मागे पडले."

नुसती मान हलवली असती, तरी निभावलं असतं.

"बाई, तुम्ही आरशात दिसत होतात."

त्यांनी कठडा धरला. "चौकात?"

"हो. मला पुढच्या फेरीची घाई होती."

वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार लागलं.

"फॉर्मवर काय लिहिलंत?"

"पूर्ण."

"ते खोडा." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "आणि चहाला येऊ नका."

दुसऱ्या दिवशी त्याने तो फॉर्म काढायला लावला. कारकून कुरकुरला, "गेलेल्या माणसाचा कागद कोण बघतंय?" त्याने ‘पूर्ण’वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘पत्नी मागे राहिली. चूक चालकाची.’ खाली सही केली, तारीख घातली.